होळीच्या चोळ्या आणि बोंदीबाईची चांदी

चिंध्या आणि किस्से, या दोन गोष्टी आमच्या दुकानात रोज झाडल्या तरी संपत नाहीत. चिंध्या निदान गोधडीत जातात. किस्से कुठे जाणार? ते माझ्या डोक्यात साठतात आणि कुणी समोर चहा ठेवला की बाहेर पडतात. आज तुम्ही ठेवलाय, तर ऐका.

दुकान म्हणजे तळोद्याच्या बाजारगल्लीतलं लेडीज टेलरचं. मालकीण मी, पण खरी सत्ता रईसा आपांची. कापड कापतात त्या, शिवते मी. वर्षभर ब्लाउज, पिको, फॉल, शाळेचे ड्रेस असं चालू असतं. होळी जवळ आली की मात्र सगळं बाजूला पडतं. वरच्या गावांतून जीप भरभरून बायका उतरतात आणि घागरे-चोळ्या शिवायला टाकतात. भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे होळीच्या तोंडावरच्या मोठ्या बाजाराच्या आठवड्यात तर आम्ही जेवतोसुद्धा मशीनवरच.

या होळीला आमच्या दुकानात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. बहिणी दोन, आईची चांदी एकच आणि दोघींच्या गावची होळी एकाच दिवशी. चांदी घालणार कोण? मोठी मोगीबाई की धाकटी वंती? त्याचं काय झालं ते सांगतेच. पण आधी ही माणसं तुम्हाला माहीत व्हायला हवीत, नाहीतर मजा नाही.

*

मोगीबाई आमची पहिली होळीची गिऱ्हाईक. वरच्या पाड्यावरची, उंच, काटक, गावात बायकांच्या नाचाच्या रांगेत पहिली. घरी पावरी बोलते, आमच्याशी अहिराणी.

दुकानाची पहिलीच होळी होती. मोगीबाईने गावातल्या बायकांच्या चोळ्या एकदम टाकल्या. आम्ही जीव ओतून काम केलं. कोपरापर्यंत बाह्या, बाह्यांना लेस, बंद गळा, गळ्याला पायपिंग. शिवणक्लासच्या परीक्षेत पहिला नंबर आला असता.

मोगीबाईने एक चोळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि शांतपणे विचारलं, "ताई, हाई थंडीसाठे शे का?"

मग तिने स्वतःचा दंड पुढे केला. कोपराच्या वर चांदीचं जाड कडं. गळ्यात हासळी, म्हणजे चांदीची जाड गोल सळई, गळ्याच्या हाडावर टेकलेली. आमची लेसची बाही त्या कड्यावर पांघरूण घालत होती आणि बंद गळ्याखाली हासळी पार गुदमरली असती.

"चांदी दाखाडानी शे, झाकानी नही," मोगीबाई म्हणाली.

रईसा आपांनी सगळ्या बाह्या उसवायला घेतल्या. तेव्हापासून आमचा नियम ठरला. होळीची चोळी शिवायची असेल तर बाईने अंगावर चांदी घालून यायचं. बाही कड्याच्या वर संपते, गळा हासळीच्या बाहेर कापला जातो. आपा नव्या पोरींना शिकवतात तेव्हा सांगतात, "आपन कापड शिवतस, पन माप चांदीनं लेतस."

*

ती चांदी खरं तर मोगीबाईचीही नव्हती. तिच्या आईची, बोंदीबाईची. बोंदीबाईचे गुडघे गेले, नाच सुटला, तेव्हा तिने चांदी दोन्ही लेकींना घालायला दिली. देऊन टाकली नाही, घालायला दिली. हा फरक ती भेटेल त्याला सांगायची.

हे जमायचं कसं, तर आमच्याकडे वरच्या गावांत होळी एका दिवशी नसते. आज या गावाची, उद्या त्या गावाची, परवा तिसरीकडची. म्हणजे सगळ्यांना सगळीकडे नाचायला जाता येतं. मोगीबाईच्या गावची होळी आधी व्हायची, मग चांदी जीपमधून वंतीच्या गावाला जायची. आईची चांदी दोन्हीकडे नाचायची आणि आई तिच्या ओट्यावर बसून दोन्हीकडच्या बातम्या घ्यायची.

*

बोंदीबाई स्वतः नाचत नव्हती, पण दर होळीला एक घागरा शिवायचीच. ओट्यावर बसायला तरी नवा नको का?

एका वर्षी कॉलेजात जाणाऱ्या पोरींनी घागऱ्याला खिसा मागितला. मोबाइलसाठी. रईसा आपांनी डोक्याला हात लावला. एवढ्या घेराला चुणी घालायची, त्यात खिसा बसवायचा कुठे? तरी बसवला. पोरी खूश झाल्या.

बोंदीबाई बाकावर बसून हे सगळं बघत होती. पोरी गेल्यावर म्हणाली, "मन्हा घागराले बी खिसा जोयजे."

मी म्हटलं, "आजी, मोबाइल घेतला का?"

"मोबाइलनं काय करू? तंबाखू ठेवानी शे."

आपांनी खिसा लावून दिला. बोंदीबाईने हात घालून बघितला आणि म्हणाली, "आखो खोल कर. तंबाखू हातले लागाले नही जोयजे, शोधनी पडाले जोयजे. तव्हय जरा कमी खावास."

डॉक्टर किती वर्षं सांगत होते, उपाय आमच्या दुकानात निघाला.

*

मोगीबाईच्या गावात नाचाच्या रांगेतल्या बायका सगळ्या एकाच कापडाचे घागरे घालतात. एकाच ताग्यातले. रांग हलली की सगळी एक दिसली पाहिजे. तागा पसंत करायला सगळ्या येतात आणि त्या दिवशी आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला पाय ठेवायला जागा उरत नाही.

एका वर्षी जांभळा तागा ठरला. शेवटच्या घागऱ्याला कापड कमी पडलं. दुकानदार म्हणाला, हा रंग आता सुरतेहून मागवावा लागेल, होळीनंतर येईल. होळीनंतर काय करायचा, पडदा?

शेवटचा घागरा मोगीबाईच्या वहिनीचा होता. ती बिचारी रडकुंडीला आली. रांगेत आपणच वेगळ्या दिसणार म्हणून. आपांनी मध्ये हिरव्या कापडाची एक पट्टी टाकली आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना चमकी लावली. वहिनी ती घालून गेली तेव्हा तिचं तोंड उतरलेलंच होतं.

पुढच्या वर्षी सगळ्या बायका आल्या, एकमताने लाल तागा ठरला, आणि जाता जाता प्रत्येकीने सांगितलं, "मझार हिरवी पट्टी टाकजो. वहिनीना मायेक." म्हणजे मध्ये, वहिनीसारखी.

वहिनीने मात्र पट्टी नको म्हणून सांगितलं. सगळ्यांनी घातल्यावर तिला त्यात काय गंमत?

*

माझं माहेर सारंगखेड्याचं. आमच्या घरी चांदी फक्त पायात आणि देवापुढे. बाकी सगळं सोनं. माझी आई एकदा होळीच्या गर्दीत दुकानात येऊन बसली होती. शेजारी बोंदीबाई. दोघी एका वयाच्या, त्यामुळे दोन मिनिटांत गुडघ्यांवर बोलायला लागल्या आणि पाचव्या मिनिटाला दागिन्यांवर आल्या.

आईने सांगितलं, तिच्याकडे पोहेहार आहे, पाटल्या आहेत, सासूची ठुशी आहे. सांगताना हात नुसते गळ्यावरून फिरवत होती, कारण गळ्यात एक बारीक मंगळसूत्र सोडून काहीच नव्हतं.

बोंदीबाईने विचारलं, "मंग शे कोठे?"

"बँकमा. लॉकरमा ठेयेल शे," आई म्हणाली.

बोंदीबाईने जरा विचार केला. "मंग सनले कोन घालस? लॉकर?"

आई हसली. पण त्या दिवाळीला तिने बँकेतून ठुशी काढून आणली आणि घरी भाजी निवडतानासुद्धा घालून बसली. बाबा म्हणाले, चोर येतील. आई म्हणाली, येऊ द्या, त्यांना तरी बघायला मिळेल.

*

आता दिलवरभाऊ. मोगीबाईच्या गावाला जीप नेणारा. धिप्पाड माणूस, मिशा कानापर्यंत. एक दिवस दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. आमच्या दारावर पाटी आहे, फक्त महिलांसाठी. तो पाटी वाचत उभा, आत येईना, बाहेर जाईना.

शेवटी आपांनी विचारलं, "कोना ब्लाउज लेवाले उना भाऊ?"

"मन्हाच शिवना शे," तो म्हणाला.

बायको मोठ्या दुखण्यातून उठली होती. ती उठली तर पाच वर्षं होळीत बाई होऊन नाचेन, असं तो बोलला होता. आमच्याकडे असा नवस असतो. पुरुष अंगाला काळा रंग लावतात, घागरा-ओढणी घालतात आणि दारोदार नाचतात. कुणी त्याला हसत नाही. म्हणजे नाचताना हसतात, पण नवसाला हसत नाहीत.

घागरा-चोळी शिवायला आमची तयारी होती. अडचण मापाची. आपा परक्या पुरुषाचं माप घेणार नाहीत, मीही घेणार नाही. समोर आपांच्या नवऱ्याचं, सलीमभाईंचं, जेंट्स टेलरचं दुकान. ते म्हणाले, माप मी घेतो, चोळीचं मला काही कळत नाही, तुम्ही तिकडे लिहून घ्या. आणि भर बाजाराच्या दिवशी ते रस्त्याच्या पलीकडून ओरडून मापं सांगायला लागले. छाती अमुक, दंड तमुक, कंबर...

चहाच्या टपरीवरचे सगळे कप हातात धरून आमच्या दुकानात डोकावून बघायला लागले. एक जण म्हणाला, "भाबी भलती तगडी दिखस!"

दिलवरभाऊ तेवढ्यात पलीकडून चालत आला, गर्दीतून वाट काढून आमच्या दारात उभा राहिला आणि सगळ्यांदेखत गंभीरपणे म्हणाला, "ताई, ओढणी जराशी लांब ठेवजा. मिशी झाकनी पडस."

"मिशी काढी का टाकत नही?" आपांनी विचारलं.

"नवस बायकोना शे. मिशी बी तिलेच आवडस."

आपांनी ओढणीचं माप वाढवून लिहून घेतलं.

*

बोंदीबाईची चांदी एका गावाहून दुसऱ्या गावाला नेण्याचं काम या दिलवरभाऊकडेच. मोगीबाई नाच झाला की चांदी फडक्यात बांधून त्याच्याकडे द्यायची. तो ती वंतीच्या हातात द्यायचा. इतक्या वर्षांत कधी चिंता नव्हती.

त्याच्या नवसाच्या पहिल्या वर्षी वंतीने गाठोडं उघडलं तर हासळीला काळा रंग. कड्यांना काळा रंग. फडक्यालाही काळा रंग. मोगीबाईच्या आणि वंतीच्या होळीच्या मधल्या दिवशी दिलवरभाऊच्या गावची होळी होती. हे कोडं काही अवघड नव्हतं.

पुढच्या बाजाराला वंती त्याला घेऊनच आमच्या दुकानात आली. बाजारात सगळ्यांसमोर भांडायला नको म्हणून. वंती लहानखुरी, पण तिखट. तो एवढा मोठा माणूस बाकावर पोराहून लहान होऊन बसला.

"घाली ते घाली," वंती म्हणाली, "पन पुसीसन तरी देवानी व्हती ना!"

तो म्हणाला, चुकलं. कडी दंडात चढेनात म्हणून मनगटात घातली, एवढंच. पुन्हा नाही घालणार.

वंती त्याच्या शेजारी बाकावर टेकली. मग म्हणाली, "सांग खरं. मन्हापेक्षा बेस नाचना का?"

तो म्हणाला नाही. मग तिने त्याला चहा पाजला. हे सगळं बोंदीबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणे इतकी हसली की ठसका लागला. चांदीला एका गावाची होळी जास्त मिळाली, असं म्हणाली. पुढची तीन वर्षं तिने स्वतःहून सांगून दिलवरभाऊला चांदी घालायला दिली. पुसून द्यायच्या अटीवर.

*

गेल्या पावसाळ्यात बोंदीबाई गेली. ताप आला, दोन दिवस दवाखान्यात होती आणि गेली. बातमी दिलवरभाऊनेच आणली. आपा मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला आणि दिवसभर मशीन सुरू केलं नाही. मला फार वाईट वाटलं. गिऱ्हाईक गेलं असं नाही वाटलं, घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

त्यानंतरची ही पहिली होळी. आणि नेमकं यंदाच मोगीबाईच्या गावात कुणाचं तरी मरण झालं. गावाने होळी पुढे ढकलली. ढकलली ती वंतीच्या गावच्या दिवशीच येऊन पडली. गावांचं ठरलं ते ठरलं, त्यात बदल नाही.

मोगीबाई रांगेत पहिली. आईची चांदी अंगावर नसेल तर आई गेल्याचं सगळ्या गावाला नव्याने दिसणार. वंतीला इतक्या वर्षांनी मूल झालेलं. त्या मुलाला कडेवर घेऊन आईची चांदी घालून होळीला फेरी घालीन, असं ती आईच्याच समोर बोलली होती. आता यात कुणाला नाही म्हणणार?

आमच्या दुकानात ज्याच्या त्याच्याकडे उपाय. सलीमभाई म्हणाले, चिठ्ठ्या टाका. दिलवरभाऊ म्हणाला, अर्धी होळी झाली की मी चांदी जीपने इकडून तिकडे नेतो. मग त्याला आठवलं की त्याचाही नवस होता, शेवटचं वर्ष होतं, आणि नवसाचा घागरा सगळ्या गावांच्या होळ्या होईपर्यंत उतरवायचा नसतो. घागरा घालून घाटात गाडी चालवायला तो तयार होता पण आपांनी त्याला गप्प बसवलं. आपांचं मत, सरळ वंतीने नवी चांदी घ्यावी.

वंती त्या वेळी कापड टाकायला आली होती. ती म्हणाली, "दुकाननी चांदी नाचाले जड लागस. मायनी हलकी लागस."

बोंदीबाईची हासळी मी हातात घेऊन पाहिलेली आहे. चांगलीच वजनदार. 

मला खरी भीती वेगळी होती. दोघी बहिणी तोंड फिरवून बसल्या तर? दागिन्यांपायी तुटलेली घरं आमच्या सारंगखेड्याकडे मी कमी पाहिलेली नाहीत. तिकडे तर सोनं लॉकरमध्ये असतं आणि भाऊ कोर्टात. होळी चार दिवसांवर आली तरी दोघींपैकी कुणी मापाला आलं नाही. चोळीचं कापड दोघींचं येऊन पडलेलं, एकाच ताग्यातलं, कारण या वर्षी दोघींनी मिळून एकच रंग घेतला होता. आपा रोज ते कापड एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवायच्या.

बाजाराच्या दिवशी दुपारी दोघी एकत्र आल्या. दुकानात गर्दी होती, तरी बायकांनी सरकून त्यांना बाकावर जागा दिली. सगळ्यांना माहीत होतं. वंतीने मूल माझ्या मांडीवर दिलं. मोगीबाईने गाठोडं कापायच्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत दोन कडी होती. एवढीच.

मोगीबाईने एक कडं उचललं आणि उजव्या दंडात चढवलं. हात पुढे केला.

"ही बाही आखूड कर. डावी कोपरलगून लांब."

आपांनी माप घेतलं. मग वंतीने दुसरं कडं डाव्या दंडात घातलं आणि म्हणाली, "मन्ही डावी आखूड. उजवी लांब."

आपांनी तेही माप घेतलं. मूल माझ्या गळ्यातला टेप ओढत होतं.

"आणि हासळी?" मी विचारलं.

"बानी मांगी," मोगीबाई म्हणाली. त्यांच्या वडिलांनी. ते आता त्या घरात एकटेच असतात.

आपांनी खडू उचलला, दोन्ही चोळ्यांचं कापड एकावर एक ठेवलं. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग गळा बंद करू का? चांगला दिखी. पायपिंग लावस."

मोगीबाईने वंतीकडे पाहिलं.

"नही," वंती म्हणाली. "गळा मोठाच ठेव. दोन्हीसना."